अण्णांचा खोटा हिरा

आमचे घरमालक दगड चाटायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीत कुणालाही त्यांच्याबद्दल विचारलं असतं तरी त्यानं पहिलं हेच सांगितलं असतं. वाटेत एखादा दगड मनात भरला की अण्णा तो उचलायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, जिभेचं टोक लावायचे आणि भर रस्त्यात डोळे मिटून उभे राहायचे. मागून येणाऱ्या सायकली घंट्या वाजवत राहायच्या.

"ओला झाल्याबिगर दगड आपला रंग दाखवत न्हाय," ते म्हणायचे, "आन् मातीचा असला तर जिभेला चिकटतो. येवढं तर कळायला पायजे की मानसाला."

मला सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी आईला घेऊन कऱ्हाडहून आले होते. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत अण्णांचं दुमजली घर होतं. आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून एका धोंड्याचे हातोडीनं तुकडे करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"कऱ्हाड," आई म्हणाली.

"ते झालं वरचं. गावाच्या खाली काय हाय?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मला नाही माहीत. कधी बघितलं नाही."

हातोडी थांबली. त्यांनी मला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं आणि आत हाक मारली, "अगं ए, बाईंना वरची खोली दाखव. ठाऊक न्हाय ते ठाऊक न्हाय म्हनत्यात. भाडं मग बोलू."

भाडं ते शेवटपर्यंत बोललेच नाहीत. ते अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जिन्यात उभं राहून हळूच सांगितलं. घरातलं सगळं बोलणं-ठरवणं अक्काच करायच्या. अण्णांकडे फक्त जमिनीखालचं खातं होतं. जिन्याच्या पायऱ्यांवर, खिडक्यांत, पिठाच्या डब्यावर, जिथं बघावं तिथं दगड. अक्कांनी त्यातले सपाट बघून निवडले होते आणि लोणच्याच्या बरणीत फोडी दाबायला वापरले होते. "ह्यांनी तपासलेले हायत, इकडं वापरायला बरे," त्या म्हणायच्या.

मी कॉलेजात शिकवते हे मी अण्णांना कितीदा तरी सांगून बघितलं. पण ते मला मास्तरीणबाईच म्हणायचे. "पोरं मोठी झाली म्हनून काय झालं? मास्तरीण ती मास्तरीणच की."

अक्कलकोटकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झालेला. घरात कानडी, दाराबाहेर मराठी. मिसरूड फुटायच्या सुमाराला मामाबरोबर ते कोलारला गेले आणि सोन्याच्या खाणीत उतरले. तिथून पुढं चाळीसेक वर्षं त्यांनी ऊन कमीच पाहिलं. संध्याकाळी वारा पडला की ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे, मी वरच्या, आणि मग खाण सुरू व्हायची. तुळई कशी ठोकायची, दिवा विझायला लागला की काय समजायचं, पिंजऱ्यातून खाली जाताना कानात कसे दडे बसतात. त्यांच्या बोलण्यातला हेल असा असायचा, की जणू हे सगळं उद्या सकाळी मलाच करायचं आहे.

मधली काही वर्षं ते नागपूरकडे होते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. तिथं सोनं नव्हतं. वुल्फ्राम होतं, ज्यातून टंगस्टन काढतात ते. त्याचा एक तुकडा त्यांनी देवघरात लिंगाच्या शेजारी ठेवला होता. दिसायला काळा, ओबडधोबड. मी उचलायला गेले तर हात खाली गेला, एवढा जड.

"ह्याच्यापासनं काय हुतं ठाऊक हाय? पोलाद कापनारं पोलाद," अण्णा म्हणाले. "सोनं हौसेचं. ते नसलं तर लगीन थांबतं. ह्ये नसलं तर लढाई थांबती. म्हनून लढाईत साहेब रोज यायचा, विचारायचा, अजून किती निगंल? आमाला च्या पाजायचा. मग लढाई संपली. साहेब गेला, खान बंद. हजेरीवरची बाई सकाळी आली तर फाटकाला कुलूप. लढाई लागली की ह्यांना मातीची याद येती. संपली की माती परत माती."

नंतर ते रायचूरकडच्या सोन्याच्या खाणीत गेले. तिथली एक गोष्ट ते सांगायचे तेव्हा आवाज आपोआप खाली यायचा. नवी खाण खणताना एके ठिकाणी खडकात अचानक पोकळी लागली. आधी कुणीतरी खणून गेलेली. कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. आत कोळसा होता. त्या जुन्या लोकांकडे सुरुंग नव्हता, बरी पहारही नसेल. त्यांनी खडकाला जाळ लावला, तापवून लाल केला, वर पाणी ओतलं आणि तडकवला. असं करत करत ते खाली गेले, फार खाली. वर माळावर खडकात वाटीसारखे खळगे होते. फोडलेला दगड बायका तिथं बसून कुटायच्या.

"मी त्या खळग्यात हात घातला," अण्णा म्हणाले. "मऊ लागतो हाताला. किती पिढ्यांनी कुटलं असंल. आन् राजाचं नाव समद्या पुस्तकात हाय, ह्या बायांचं कुटं?"

अण्णांचा आत्मविश्वास दांडगा होता. अमुक ठिकाणी खणलं तर काय लागेल, हे ते चालता चालता सांगून मोकळे व्हायचे. सोलापूरचं मात्र त्यांना वाईट वाटायचं. "हितं खाली काळा दगड. त्याच्या खाली काळा दगड. त्याच्याबी खाली त्योच. पार तिकडं गुलबर्ग्याच्या पुढं गेलं की ह्यो पसारा संपतो, मग खरी जुनी धरती लागती. आपन समदे लाव्हाच्या पाटावर बसलोय, जेवायला वाढायची वाट बघत." जमिनीच्या वरच्या एकाही गोष्टीत मात्र त्यांचा अंदाज बरोबर आलेला मी पाहिला नाही. निवडणुकीत त्यांनी सांगितलेला उमेदवार हटकून पडायचा. माझ्यासाठी त्यांनी एक स्थळ आणलं होतं, खाणीत मोजणी करणारा मुलगा. गावाखाली काय आहे ते त्याला चोख ठाऊक होतं. त्याचं एक लग्न आधीच झालेलं आहे, हे मात्र अण्णांना ठाऊक नव्हतं. अक्कांनी डोक्याला हात लावला. अण्णा म्हणाले, "मुलगा चांगला हाय, पन."

नवी पेठेत एका सराफांचं दुकान होतं. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठना सोन्यातलं सगळं कळायचं. खड्यांच्या बाबतीत मात्र ते अण्णांवर विसंबून असायचे. एखादं गिऱ्हाईक पुष्कराज म्हणून काहीबाही घेऊन आलं की नोकर धावत आमच्या गल्लीत यायचा. अण्णा टोपी घालून, जाकिटाची बटणं लावून निघायचे. खडा बघायचे, चाटायचे, आणि "खरा" किंवा "न्हाय" एवढंच बोलायचे. त्यावर शेठ दुसऱ्या कुणाला विचारत नसत. या कामाचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही. पण परत येताना ते नवी पेठेतून असे चालायचे की वाटावं, दोन्ही बाजूंची दुकानं त्यांनीच उघडून दिलेली आहेत.

"ह्या जिभेनं आजवर खोट्याला खरं म्हटलेलं न्हाय," ते सांगायचे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की आई चहा ठेवायला उठायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सोलापुरात नळाला पाणी येईना. शहराबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला माणसं ओळीनं बसून खडी फोडायची, बायका डोक्याला पदर घट्ट बांधून. अण्णा त्या ढिगांमधून फिरून यायचे आणि न जेवता बसायचे. खेड्यापाड्यांत जो तो विहीर खोल करत होता. कुठं ना कुठं सुरुंगाचे आवाज यायचे.

अशाच एका शनिवारी मी आईच्या पाटल्या उजळायला शेठच्या दुकानात गेले होते. एक शेतकरी आला. पटक्याच्या शेवाची गाठ सोडून त्यानं एक दगड गादीवर ठेवला. बोटभर लांब, काचेसारखा स्वच्छ, कडा अशा सरळ की कुणीतरी घासून केल्यात असं वाटावं.  शेठनी नोकराला अण्णांकडे पिटाळलं.

शेतकऱ्याचं नाव सिद्राम. मंगळवेढ्याच्या पलीकडे त्याचं गाव. त्याची विहीर खोल करताना हे दगड सापडले होते आणि गाव म्हणत होतं, हिरे आहेत.

अण्णा आले. दगड चाटला. खिशातून चाकू काढला आणि दगडावर ओढला. बारीक पांढरा ओरखडा उठला. "न्हाय," ते म्हणाले. "हिऱ्यावर चाकू चालत न्हाय. ह्यो काळ्या दगडाच्या पोटात हुतो, पोकळीत. दिसायला लई सुंदर. किंमत न्हाय."

सिद्रामचा चेहरा उतरला. अण्णांनी दगड परत त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "ह्यो घावला कुटं? तळाला?"

"न्हाय जी. भिंतीत. आमी आडवं आत शिरलोय की. दोन पुरुस तरी आत गेलोय."

"भिंतीत?" अण्णांनी चाकू मिटला. "वर काय हाय?"

"वर काय असनार? खडक, मुरूम, काळी."

"आन् आधार?"

"कसला आधार?"

अण्णा उठून उभे राहिले. "घरी जा आन् समद्यांना बाहेर काढ. मी उद्या येतो."

सिद्राम हसला, कसनुसं. "माजं कोन ऐकतंय अण्णा? समदं गाव आत हाय. मी काच हाय म्हनलं तर म्हंतील, एकटा खायला बघतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं अण्णा निघाले आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, चला. सायन्सच्या बाई म्हटल्यावर ऐकतील." आईनं दशम्या बांधून दिल्या. मंगळवेढ्याला उतरलो, तिथून खडी नेणाऱ्या एका ट्रकवाल्या चाचांनी पुढं सोडलं. ज्वारीसाठी नाव काढलेली ती काळी रानं भेगाळून पडली होती. भेगेत काठी घातली तर काठी दिसेनाशी व्हावी.

विहीर पाहिली आणि मलासुद्धा कळलं, एरवी त्यातलं मला काही कळत नव्हतं तरी. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळ्या खडकाचा जाड थर, आणि त्याच्या खाली मऊ, भोकाभोकांचा मांजऱ्या दगड. त्या मांजऱ्यात पोकळ्या होत्या आणि पोकळ्यांत ते चमकणारे खडे. पाणी शोधायला खाली जायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. राडारोडा उपसायची यारी तशीच उभी होती. लोक आडवे शिरले होते. एका बाजूची अख्खी भिंत त्यांनी खालून पोखरून काढली होती आणि वरचा सगळा भार नुसता लोंबकळत होता. त्याखाली पंधरा-वीस माणसं, निम्म्याहून जास्त बाया, पहारी आणि घमेली घेऊन.

अण्णा अर्ध्या पायऱ्या उतरले. कुणाच्या तरी हातातली पहार घेऊन त्यांनी लोंबणाऱ्या खडकावर ठोकली. रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा आवाज आला. त्यांनी जागा बदलली, पुन्हा ठोकली. तोच आवाज. एका चिरेतून बारीक भुकटी गळत होती.

"बाहेर या!" ते ओरडले. "समदे बाहेर या! ह्यो खडक सुटलाय!"

कुणी मान वर केली, कुणी केली नाही. आतून एकजण म्हणाला, "काल म्हने काच हाय. आज म्हने बाहेर या. म्हातारा लई हुशार हाय गड्या." हशा झाला. पहारी पुन्हा चालू झाल्या.

अण्णा ओरडत राहिले. खडक कसा सुटतो ते त्यांनी सांगितलं, कोलारचं सांगितलं, हात जोडले. मीही ओरडले. सिद्राम काठावर उभा राहून एकेकाला नावानं हाका मारत होता. एकही जण बाहेर आला नाही.  

मग अण्णांनी वर जाणाऱ्या एका घमेल्यातून एक खडा उचलला. धोतराला पुसला. जिभेला लावला आणि डोळे मिटले. हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. सोलापूरचे अण्णा दगड चाटून सांगतात, हे सिद्रामनं रात्रीच गावभर केलं होतं. पहारी थांबल्या.

अण्णांनी डोळे उघडले. "खरा हाय," ते म्हणाले.

कालच चाकूचा ओरखडा उठलेला मी डोळ्यांनी पाहिला होता.

"कालचा कच्चा हुता. ह्यो पक्का. हिरा हाय ह्यो," अण्णा खणखणीत आवाजात बोलायला लागले. "आन् जमिनीखालचा हिरा सरकारचा असतो, कायदा हाय. मामलेदार येनार, पंचनामा हुनार. त्या येळी जो आत घावंल त्याला बेड्या. जो बाहेर असंल त्याला वाटा."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. "बाई, तुमी सायन्सच्या. खरं हाय का?"

मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या चिरेकडे बघत होते. "अण्णा म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हणाले.

एवढा वेळ हलत नव्हती ती माणसं एकमेकांना ढकलत पायऱ्या चढायला लागली. घमेली तिथंच राहिली. एकटी नीलव्वा, सिद्रामची बायको, आत कपारीत उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवला. "काल चाकूनं वरखडा उटला म्हनं. आज हिरा कसा झाला?"

अण्णा उतरले. साठी उलटलेला माणूस, एकेक पायरी हातानं चाचपत. ते सरळ कपारीत गेले आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले. काय बोलले ते मला वर ऐकू आलं नाही. नीलव्वानं एकदा वरच्या खडकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि पदर खोचून त्यांचा दंड धरला. दोघं बरोबरच वर आली.

पुढं तास-दीड तास काहीच झालं नाही. माणसं लिंबाखाली बसून वाट्याचं बोलत होती. कुणीतरी गुळाचा कोरा चहा केला. मला वाटायला लागलं, अण्णांचा जमिनीखालचा अंदाजसुद्धा चुकला. तेवढ्यात पायाखालची जमीन हलल्यासारखी झाली आणि एक जड, दबका आवाज आला. विहिरीतून धूळ वर उसळली. आम्ही काठाकडे धावलो. ती बाजू राहिलीच नव्हती. तळाला मुरूम, माती आणि बैलगाडीएवढाले खडक पडले होते. लोक एकमेकांना हाका मारायला लागले, समोर उभ्या असलेल्यांनाही. 

थोड्या वेळानं अण्णा उभे राहिले. "आता ऐका. हिरा न्हाय. मी खोटं बोललो. उगा परत उकरायला जाऊ नका."

कुणी विश्वास ठेवला नाही. एक म्हातारा समजूतदारपणे म्हणाला, "सरकारचा मामला हाय, आमी कुटं बोलत न्हाय. तुमी काळजी करू नका."

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं?"

 ते म्हणाले, "कोलारला माजा जोडीदार हुता. एका ताटात जेवायचो. आमाला शीर घावली, सोन्याची, बोटभर रुंद. छत वाजायला लागलं. मी म्हटलं, बाहेर चल, छत सुटलंय. खरं तेच सांगितलं. लई सांगितलं. त्यो म्हनला, येवढं काढतो आन् येतो." त्यांनी खिडकीची काच खाली ओढली. "शिरेवर बसलेल्या मानसाला भीती ऐकू येत न्हाय, बाई. ह्ये मला तवाच कळलं. पन तवा मी खोटं बोललो न्हाय."

पुढच्याच आठवड्यात शेठचा नोकर आला. नेहमीसारखा धावत नव्हता, तोंड पाडून आला होता. दुकानात सिद्राम, नीलव्वा आणि गावातली आणखी चार माणसं आधी काढून ठेवलेल्या खड्यांची टोपली घेऊन बसली होती. बाहेर बघ्यांची गर्दी. गावाचं म्हणणं, मामलेदार काही आला नाही, पण अण्णांनी खरा म्हटलाय, शेठ घेतीलच. शेठनी टोपली अण्णांपुढं सरकवली.

"अण्णा, तुमच्या शब्दावर मी डोळे झाकून माल घेतो. तुम्ही याला हिरा म्हणालात?"

अण्णांनी टोपी सारखी केली. गर्दीत नवी पेठेतले सगळे ओळखीचे चेहरे होते. "म्हनलो," ते म्हणाले. "खोटं म्हनलो. हिरा न्हाय ह्यो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मागून आवाज आला, "जिभेला काय झालं अण्णा?" अण्णांचे कान लाल झाले, पण ते वळले नाहीत. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या कारागिराला टोपलीतला एक खडा दिला. "फुंकनी घे. जाळ लाव ह्याला."

कारागिरानं खडा कोळशावर ठेवला आणि फुंकणीनं दिव्याची ज्योत त्यावर धरली. पाहता पाहता तो स्वच्छ खडा पांढरा झाला, त्याचे पापुद्रे सुटले, आणि दूध उतू जावं तसा तो फसफसून फुगला. गावाकडची माणसं उठून उभी राहिली. मी पुस्तकात वाचलं होतं ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते.

"ह्याच्यात पानी असतं," अण्णा म्हणाले. "दगडाच्या अंगातलं. त्ये उकळतंय. हिरा असा उकळत न्हाय."

"दुस्काळात दगडाच्या पोटात पानी," नीलव्वा पुटपुटली, "आन् आमच्या हिरीत न्हाय."

सिद्रामचा आवाज चढला. "मग तवा का म्हनला तुमी? समद्या गावाला आशा लावली."

अण्णा काही बोलायच्या आत नीलव्वानंच टोपली उचलली. "खुळं हाय का तुमी? मला इचारा. मी कपारीत हुते. ह्ये म्हातारं माज्या शेजारी येऊन बसलं आन् म्हनलं, तू जाशील तवा मी जाईन, न्हायतर दोगं हितंच. हिऱ्याचं नाव काडलं न्हाय माज्यापाशी. मी काय हिऱ्यासाटी वर आले?" ती गर्दीकडे वळली. "हसताय काय? जिती हाय मी."

हसू थांबलं. ती माणसं गेली. शेठनी त्यानंतर अण्णांना खडे बघायला कधी बोलावलं नाही. त्यांचंही बरोबर होतं. व्यापाराला ज्यानं एकदा सुद्धा खोट्याला खरं म्हटलं नाही असा माणूस लागतो. नवी पेठेतली टवाळ पोरं पुढं बरेच दिवस अण्णांना 'हिरेवाले' म्हणायची. अण्णा जाकीट घालून तिथूनच, त्याच चालीनं जायचे. "न्हाय ऐकू येत," मी विचारलं तर म्हणायचे.

आणि रविवार आला की ते मंगळवेढ्याची एसटी पकडायचे. सिद्रामची विहीर पुन्हा खणायची होती. आता ती पायऱ्या-पायऱ्यांनी, वरून रुंद करत खाली न्यायची आणि मोकळी माती दगडांनी बांधून काढायची, हे अण्णांनी ठरवून दिलं होतं. गावानं तक्रार केली, दुप्पट काम पडतंय म्हणून. नीलव्वानं ऐकून घेतलं नाही. पाणी पुढच्या वर्षीच्या पावसानंतर लागलं, बेताचंच, पण लागलं.

त्या खणण्याच्या दिवसांत मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. अण्णा तळाला उभे राहून दोन गड्यांना खडकाची चीर कशी वाचायची ते समजावत होते. रंगात आले होते. नीलव्वा काठावर होती. वरच्या पायरीवरून मूठभर माती घरंगळली.

"अण्णा, वर या," ती म्हणाली.

"काय न्हाय ती. सुकी माती हाय, आपसूक—"

"वर या म्हनलं की! आदी वर या, मग बोला. ए, तुमीबी!"

अण्णांनी तोंड उघडलं. त्या मातीत काही अर्थ नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. गड्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे. अण्णांनी तोंड मिटलं, पहार खाली ठेवली आणि पायऱ्या चढायला लागले. त्यांच्यामागून गडी आले. शेवटच्या पायरीवर नीलव्वानं त्यांना हात दिला.

आम्ही सगळे दुपार कलेपर्यंत काठावर उभे राहिलो. काही पडलं नाही. मूठभर मातीसुद्धा पुन्हा घरंगळली नाही. परत जाताना अण्णा इतके खुशीत होते की कंडक्टरनं विचारलं, घरात काही कार्य आहे का.

"बघितलं न्हवं, मास्तरीणबाई?" ते मला म्हणाले. "काय पडलं न्हाय, आन् तरी समदे वर आले. खान अशी चालवायची असती."